स्विचवर डीएचसीपी लावायचंय, आयपीची वही बंद करायची आहे

लॅबवाला · सोमवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी,

कराडजवळच्या एका कॉलेजात मी कॉम्प्युटर लॅब सांभाळतो. सांभाळतो म्हणजे माउस बदलण्यापासून साहेबांच्या फोनात मराठी कीबोर्ड टाकून देण्यापर्यंत सगळं. लॅबमध्ये ६२ पीसी, ऑफिसात १८, शिवाय प्रिंटर आणि तीन वायफायचे डबे. आजपर्यंत प्रत्येकाला आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा पत्ता, हातानेच टाकलेला आहे.

त्याची एक हिरवी लांब वही आहे. माझ्या आधीच्या सरांनी सुरू केलेली. नोंदीवर व्हाइटनर, व्हाइटनरवर पेन, पेनवर पुन्हा व्हाइटनर. १९२.१६८.१.२५ समोर तीन नोंदी आहेत आणि तिन्हींपैकी एकही खोडलेली नाही. आज सकाळी फीच्या पावत्या छापेनात. दीड तास शोधल्यावर कळलं की लॅबमधल्या एका पोराने "सर, नेट चालत नव्हतं म्हणून शेजारच्या मशीनचा नंबर बघून टाकला, शेवटचा आकडा बदलून". तो बदललेला आकडा म्हणजे ऑफिसच्या प्रिंटरचा.

वही पुरे झाली. एका कंपनीने ऑफिस हलवताना काढलेला सिस्को कॅटलिस्ट ३५६० स्विच (केबलींनी मशीन एकमेकांना जोडणारा डबा) आम्हाला देणगीत मिळालाय. खाली दोन २९६० स्विच आहेत, एक ऑफिसच्या इमारतीत, एक लॅबच्या. पत्ते आपोआप वाटायचं काम, म्हणजे डीएचसीपी, या ३५६० वर टाकता येईल का? मला कन्सोल केबल लावून आत शिरता येतं, एवढंच. पुढचं तुम्ही सांगा.

मिरची_भजी · रात्री ९:३०

पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. वाचनखूण साठवली.

केबलवाला_बाबू · रात्री ९:४१

इंटरनेटवाल्याने दिलेल्या राउटरमध्ये डीएचसीपी असतंच की. चालू करा, झोपा.

सुमेधा_ने · रात्री १०:०५

बाबू, ८० मशीन आणि वर वायफायवरची पोरं एकाच २५४ पत्त्यांच्या डबक्यात टाकायची असतील तर झोपा खुशाल. मग आजच्यासारखा प्रिंटर पुन्हा मरणार. लॅब आणि ऑफिस वेगळं करायची हीच वेळ आहे.

लॅबवाला, तीन गोष्टी सांगा. ३५६० वर "आयपी राउटिंग" चालू आहे का? व्हीलॅन (एकाच स्विचवरचे वेगवेगळे कप्पे) पाडलेत का? आणि इंटरनेटच्या राउटरचा पत्ता काय?

(कमांड देवनागरीत लिहितेय, स्विचवर टंकताना अर्थातच रोमन.)

लॅबवाला · रात्री १०:२०

राउटिंग बंद होतं, आत्ता चालू केलं. व्हीलॅन नाहीत, सगळं एकातच. राउटर १९२.१६८.१.१.

सुमेधा_ने · रात्री ११:१०

छान, कोरी पाटी. असं करा.

ऑफिसचा व्हीलॅन १०. तिथे जुनीच १९२.१६८.१ ची मालिका राहू द्या, म्हणजे प्रिंटरबिंटर हलवायला नको. लॅब व्हीलॅन २०, पत्ते १९२.१६८.२०.० पासून. वायफाय व्हीलॅन ३०, त्याला मात्र मोठा तुकडा द्या: १९२.१६८.३०.०, मास्क (तुकडा केवढा ते सांगणारा आकडा) २५५.२५५.२५४.०. म्हणजे ३० आणि ३१ दोन्ही मिळून ५१० पत्ते.

आता प्रत्येक व्हीलॅनला स्विचवर स्वतःचा एक पत्ता लागतो. "इंटरफेस व्हीलॅन २०", त्याखाली "आयपी ॲड्रेस १९२.१६८.२०.१ २५५.२५५.२५५.०", मग "नो शटडाउन". हा पत्ता नसेल किंवा इंटरफेस डाउन असेल तर पूल (वाटायच्या पत्त्यांचा साठा) कितीही सुंदर लिहा, एक पत्ता वाटला जाणार नाही. त्या व्हीलॅनचं एकही पोर्ट जिवंत नसेल तर इंटरफेस डाउनच दिसतो, त्याने घाबरू नका, एक पीसी जोडून बघा.

मग लॅबचा पूल:

आयपी डीएचसीपी एक्सक्लूडेड-ॲड्रेस १९२.१६८.२०.१ १९२.१६८.२०.३०
आयपी डीएचसीपी पूल लॅब
नेटवर्क १९२.१६८.२०.० २५५.२५५.२५५.०
डिफॉल्ट-राउटर १९२.१६८.२०.१
डीएनएस-सर्व्हर ८.८.८.८ १.१.१.१
लीज ८

पहिली ओळ पूलच्या बाहेर, जनरल कॉन्फिगमध्ये द्यायची, आणि पूलच्या आधी द्यायची. नाहीतर स्विच खालून वर मोजत वाटत सुटतो आणि तुम्ही राखून ठेवायच्या आतच सुरुवातीचे पत्ते गेलेले असतात. लीज म्हणजे पत्ता किती काळ द्यायचा ती मुदत, लीज ८ म्हणजे आठ दिवस. काहीच लिहिलं नाही तर सिस्को एक दिवस धरतो. वायफायला "लीज ० २", म्हणजे शून्य दिवस दोन तास, कारण पोरं येतात, रील बघतात, जातात.

ऑफिसच्या पूलसाठी वही उघडा. वहीतले जेवढे पत्ते हाताने टाकलेलेच राहणार आहेत, तेवढे एक्सक्लूड करा, म्हणजे वाटपातून वगळा. ही ओळ कितीही वेळा देता येते, सुटे पत्ते असतील तर सुट्या ओळी. आणि १९२.१६८.१.१ वाल्या राउटरमधलं डीएचसीपी आठवणीने बंद करा. एका घरात दोन वाढपी नकोत.

निवृत्त_टेलिफोन · मंगळवार, सकाळी ६:५०

मी टेलिफोन खात्यातून निवृत्त. हा धागा समजावा अशी फार इच्छा आहे. एक विचारू का? ज्या मशीनला अजून पत्ताच नाही, ते पत्ता मागायला जातं कुठे? आणि उत्तर त्याच्याकडे परत कसं येतं? आमच्याकडे नंबर नसलेल्या फोनवर घंटी वाजत नसे.

पॅकेटमास्तर · सकाळी ९:२५

काका, प्रश्न मुळावरच घाव घालणारा आहे.

मशीन कुठे जात नाही, जागेवरूनच ओरडतं. स्वतःचा पत्ता ०.०.०.० आणि समोरच्याचा २५५.२५५.२५५.२५५, म्हणजे "जो कोणी ऐकत असेल त्याला". दारही ठरलेलं आहे: सर्व्हर यूडीपीच्या ६७ नंबरवर कान लावून असतो, मशीन ६८ वर. या पहिल्या हाकेचं नाव डिस्कव्हर. सर्व्हर म्हणतो, "हा घे २०.३१, चालेल?" ही ऑफर. उत्तर ओळखीच्या खुणेवर येतं, कारण नेटवर्क कार्डावर कारखान्यातच छापलेला मॅक पत्ता असतो आणि हाकेत तो लिहिलेला असतो. म्हणजे तुमच्या भाषेत नंबर नाही, पण जोडीची तार ठाऊक आहे.

मग मशीन म्हणतं, "२०.३१ घेतो." ही रिक्वेस्ट. गंमत अशी की हेही ते पुन्हा सगळ्यांना ऐकू जाईल असंच ओरडतं. कारण दोघातिघांनी ऑफर दिली असेल तर बाकीच्यांना कळायला हवं की आपलं ताट परत घ्या. शेवटी सर्व्हरची पोच. चार निरोप, संपलं.

आणि हा पत्ता कायमचा नाही, भाड्याचा आहे. निम्मी मुदत संपली की मशीन त्याच सर्व्हरला हळूच विचारतं, "वाढवून देता का?" उत्तर नाही आलं तर साडेसत्त्याऐंशी टक्के मुदत झाल्यावर पुन्हा सगळ्यांना हाक. म्हणूनच सर्व्हर सकाळी मेला तरी बोंब लगेच होत नाही, होते ती मुदत संपल्यावर.

निवृत्त_टेलिफोन · सकाळी ९:५८

वा. जोडीची तार म्हणालात आणि डोक्यात उजेड पडला. मग तीन व्हीलॅनचे तीन पूल असताना कुठल्यातून द्यायचं हे स्विचला कसं कळतं?

पॅकेटमास्तर · सकाळी १०:१५

हाक कुठल्या दारातून आली त्यावरून. व्हीलॅन २० च्या इंटरफेसवर ऐकू आली आणि त्या इंटरफेसचा पत्ता २०.१ आहे, म्हणजे २० वाला पूल. पूलच्या नावाला काडीचा अर्थ नाही, लॅबच्या पूलला "मिसळ" नाव दिलंत तरी चालेल.

दुबईकर_७१ · सकाळी १०:४०

सर्व्हर लांब असेल तर या दाराचं नाव चिठ्ठीवर लिहून पाठवावं लागतं. आमच्याकडे १४ मजले, सर्व्हर तळघरात. हाक व्हीलॅनच्या बाहेर जात नाही, म्हणून प्रत्येक व्हीलॅनच्या इंटरफेसवर "आयपी हेल्पर-ॲड्रेस" आणि सर्व्हरचा पत्ता. स्विच हाक उचलतो, त्यात जीआयॲडर नावाच्या रकान्यात स्वतःचा पत्ता लिहितो आणि सर्व्हरला सरळ पोचवतो. सर्व्हर तो रकाना बघून पूल निवडतो. पण लक्षात ठेवा, ही कमांड डीएचसीपीखेरीज आणखीही काही हाका पुढे ढकलते, टीएफटीपी, डीएनएस, नेटबायोस वगैरे. नको असतील तर बंद कराव्या लागतात.

धागाकर्त्याला याची गरज नाही, पण मला राहवलं नाही.

केबलवाला_बाबू · सकाळी ११:०५

माझं मत तेच. स्विचने स्विचचं काम करावं. डीएचसीपीला एखादा मायक्रोटिक राउटर नाहीतर जुन्या पीसीवर डीएनएसमास्क नावाचं सॉफ्टवेअर बसवा. कोणाला काय दिलं ते माउसने बघता येतं. सिस्कोच्या काळ्या पडद्यावर उद्या हे सर सुट्टीवर गेले की कोण बघणार?

सुमेधा_ने · सकाळी ११:३०

मुद्दा रास्त आहे, आणि मी स्वतः मोठ्या जागी स्विचवर डीएचसीपी ठेवत नाही. शेकड्याने राखीव पत्ते, नोंदी, एक पडला तर दुसरा, हे सगळं वेगळ्या सर्व्हरवरच शोभतं. पूर्वी सगळे आयएससी या संस्थेचा डीएचसीपी सर्व्हर लावायचे, त्याची देखभाल आयएससीने २०२२ च्या अखेरीस थांबवली, आता त्यांचाच केआ नावाचा नवा सर्व्हर आहे. पण तीन पूल आणि एक माणूस असलेल्या कॉलेजात जुन्या पीसीची हार्डडिस्क सांभाळण्यापेक्षा स्विच बरा. त्याला ना विंडोज अपडेट ना व्हायरस.

एक खोड मात्र त्याला आहे. कोणाला कुठला पत्ता दिला ही यादी तो नुसती स्मरणात ठेवतो. लाइट गेली की यादी साफ. "आयपी डीएचसीपी डेटाबेस" कमांडने ती फाइलमध्ये लिहायला सांगता येते.

दुबईकर_७१ · दुपारी १२:१५

यादी गेली तरी आकाश कोसळत नाही. सिस्को पत्ता देण्याआधी त्यावर दोनदा पिंग मारून बघतो. कोणी ओ दिली तर तो पत्ता देत नाही.

लॅबवाला · गुरुवार, रात्री ८:३५

मंडळी, दोन दिवस गायब होतो, कारण सांगतो.

मंगळवारी संध्याकाळी सगळं टाकलं. सुमेधाताईंनी सांगितलं तसंच. बुधवारी सकाळी ऑफिसचे १८ पीसी "ऑब्टेन ऑटोमॅटिकली" वर केले आणि एकेकाला पत्ता मिळताना बघून खरं सांगतो, पोराचा पहिला दात बघावा तसं वाटलं. दुपारी दोनला लाइट गेली. यूपीएस १२ मिनिटं टिकला. लाइट आली तेव्हा स्विचवर ना पूल, ना व्हीलॅनचे पत्ते.

हो. सेव्ह केलं नव्हतं.

मिरची_भजी · रात्री ८:३८

राइट मेमरी राइट मेमरी राइट मेमरी.

सुमेधा_ने · रात्री ८:४०

हा प्रसाद प्रत्येकाला एकदा मिळतोच. पुढे?

लॅबवाला · रात्री ८:५५

पुन्हा सगळं टाकलं, या वेळी सेव्ह केलं. ऑफिस ठीक. लॅबचे तीन प्रकार झालेत.

पहिला: काही पीसी २०.३१, २०.३२ असे व्यवस्थित, पण त्यांच्यावर नेट नाही. ऑफिसचा प्रिंटर मात्र पिंग होतो.
दुसरा: पाच-सहा पीसी १६९.२५४ ने सुरू होणारा काहीतरी पत्ता दाखवतात, आणि थोड्या वेळाने आपोआप बरे होतात.
तिसरा: मागच्या दोन रांगा १९२.१६८.०.१०४, ०.१०७ असं दाखवतात. हा ० कुठून आला? मी कुठेही ० लिहिलेला नाही, शपथ.

सुमेधा_ने · रात्री ९:१५

पहिलं सोपं. स्विचवर "आयपी राउट ०.०.०.० ०.०.०.० १९२.१६८.१.१" आहे ना? असेल. मग उलट्या बाजूने बघा. लॅबचं पॅकेट राउटरपर्यंत जातं, पण २०.३१ कुठे राहतो हे राउटरला माहीत नाही. राउटरमध्ये स्टॅटिक राउट टाका: १९२.१६८.२०.० साठी वाट १९२.१६८.१.२, म्हणजे तुमचा स्विच. वायफायच्या ३० साठीही तसंच. काही घरगुती राउटर स्वतःच्या मालिकेबाहेरच्या पत्त्यांना नॅट करायलाच, म्हणजे स्वतःच्या पत्त्याने इंटरनेटवर पाठवायलाच, नकार देतात. तसा निघाला तर राउटर बदलावा लागेल.

दुसरं, १६९.२५४ म्हणजे मशीनने हाका मारून कंटाळून स्वतःच लावून घेतलेला पत्ता. तुमच्या २९६० वर पोर्ट जागं व्हायला तीस सेकंद लागतात. पंधरा सेकंद तो नुसतं ऐकतो, पंधरा सेकंद शिकतो, की कुठे केबलचं वेटोळं तर नाही ना. तेवढ्या वेळात पीसीच्या हाका हवेत विरतात. विंडोज मग पाच-पाच मिनिटांनी पुन्हा विचारतं, म्हणून "आपोआप बरे होतात". ज्या पोर्टांना फक्त पीसी जोडलेत तिथे "स्पॅनिंग-ट्री पोर्टफास्ट" द्या. स्विचला स्विच जोडणाऱ्या पोर्टवर चुकूनही नको.

तिसरं वाचून मला मजा येतेय. तुमच्या लॅबमध्ये दुसरा वाढपी आहे.

पॅकेटमास्तर · रात्री ९:२२

एखाद्या मास्तरांनी घरचा वायफाय राउटर आणून भिंतीच्या सॉकेटात खुपसलाय. आणि पिन वॅनच्या (बाहेरून नेट घ्यायच्या) भोकात न घालता लॅनच्या (आतली मशीन जोडायच्या) भोकात घातलीय. पैज.

निवृत्त_टेलिफोन · रात्री ९:३०

पण पॅकेटमास्तर, दोघेही ऑफर देत असतील तर निम्म्यांना हा, निम्म्यांना तो मिळायला हवा. दोन अख्ख्या रांगा त्याच्याकडे कशा गेल्या?

दुबईकर_७१ · रात्री ९:५०

काका, तुम्ही निवृत्त कसले. मी वर लिहिलं ना, सिस्को देण्याआधी दोनदा पिंग मारतो? प्रत्येक पिंगची अर्धा सेकंद वाट बघतो. म्हणजे आपला शहाणा स्विच ऑफर द्यायला एक सेकंद लावतो. तो हजार रुपयांचा डबा काही बघत नाही, डोळे मिटून ताबडतोब देतो. आणि मशीन बहुतेक वेळा पहिली आलेली ऑफर उचलतं. ज्यांना २०.३१ मिळाला त्यांच्या वेळी तो डबा बंद असणार.

लॅबवाला · रात्री ९:५५

आता हा शोधायचा कसा? लॅबच्या स्विचला ४० केबली आहेत, लेबल एकालाही नाही.

सुमेधा_ने · रात्री १०:१०

केबली उपटू नका. चुकीचा पत्ता लागलेल्या पीसीवर "आयपीकॉन्फिग /ऑल" मारा, डीएचसीपी सर्व्हरसमोर १९२.१६८.०.१ असेल. मग "एआरपी -ए", त्यात ०.१ समोर मॅक दिसेल. तो घेऊन ३५६० वर "शो मॅक ॲड्रेस-टेबल ॲड्रेस" आणि पुढे तो मॅक. पोर्ट दिसेल. ते पोर्ट लॅबच्या २९६० कडे जात असेल तर तिथे जाऊन पुन्हा तीच कमांड. शेवटी अशा पोर्टवर पोचाल जिथे दुसरा स्विच नाही.

लॅबवाला · शुक्रवार, सायंकाळी ६:४०

पॅकेटमास्तर पैज जिंकले.

सगळं ताईंनी सांगितल्याप्रमाणे. ३५६० ने बोट दाखवलं लॅबच्या २९६० कडे, २९६० ने फास्ट इथरनेट ०/१७ कडे. १७ ची केबल हातात धरून निघालो. लॅबच्या छतातून ती बाहेरच्या पॅसेजमध्ये उतरते, जिन्याखालून वळते आणि जिमखान्याच्या खोलीत शिरते. तिथे कॅरम बोर्डांच्या थप्पीमागे, दोन शटलकॉकच्या डब्यांच्या मधोमध, हिरवे दिवे लुकलुकवत बसला होता महाशय. वर लाल पेनाने पट्टी: "काढू नये". पिन लॅनच्या भोकातच होती.

विचारलं तर म्हणाले, "तुमच्या वायफायची रेंज येत नाही आणि मॅच असते हो." दोन वर्षं झाली म्हणे लावून. दोन वर्षं हा डबा तिथे पत्ते वाटत उभा होता, पण आमचे सगळे हाताने टाकलेले, म्हणून त्याच्याकडे कोणी फिरकलंच नाही. मी आपोआप मागायला सांगितलं आणि त्याचं दुकान चालायला लागलं.

डबा काढला नाही. त्याचं डीएचसीपी बंद केलं, पत्ता बदलून २०.५ केला, केबल लॅनमध्येच ठेवली. आता तो नुसता वायफायचा खांब आहे. पट्टीही राहू दिली.

पॅकेटमास्तर · सायंकाळी ६:५५

पैजेचा चहा उधार. पण उद्या हॉस्टेलवाला कोणी दुसरा डबा आणेल, तेव्हा?

सुमेधा_ने · सायंकाळी ७:२०

त्यासाठीच डीएचसीपी स्नूपिंग. दोन्ही २९६० वर "आयपी डीएचसीपी स्नूपिंग" आणि "आयपी डीएचसीपी स्नूपिंग व्हीलॅन १०,२०,३०". हे चालू झालं की सर्व्हरकडून येणारी ऑफर किंवा पोच कुठल्याही साध्या पोर्टातून आत शिरू शकत नाही, स्विच दारातच फेकून देतो. ३५६० कडे जाणाऱ्या पोर्टवर मात्र "आयपी डीएचसीपी स्नूपिंग ट्रस्ट" हवं. ते विसरलात तर खऱ्या सर्व्हरलाच चोर ठरवाल.

शनिवारी दुपारी करा, वर्ग नसताना.

लॅबवाला · शनिवार, दुपारी ३:१०

केलं. ट्रस्ट दिलं, दोनदा तपासलं. आता कोणालाच पत्ता मिळत नाही. कोणालाच म्हणजे कोणालाच. स्नूपिंग बंद केलं की मिळतो.

मिरची_भजी · दुपारी ३:१२

पॉपकॉर्न.

केबलवाला_बाबू · दुपारी ३:२०

मायक्रोटिक 🙂

सुमेधा_ने · दुपारी ३:४५

सॉरी, हे मी आधीच सांगायला हवं होतं, माझी चूक. ३५६० वर "डीबग आयपी डीएचसीपी सर्व्हर पॅकेट" लावा, टर्मिनल मॉनिटर चालू ठेवा, एका पीसीवर "आयपीकॉन्फिग /रिन्यू" मारा आणि काय येतं ते लिहा.

लॅबवाला · दुपारी ३:५८

रिले माहिती विसंगत आहे असं काहीतरी. पुढे म्हणतोय ऑप्शन आहे पण जीआयॲडर शून्य आहे.

सुमेधा_ने · दुपारी ४:१५

तेच. स्नूपिंग चालू झालं की २९६० प्रत्येक हाकेवर एक शिक्का मारतो: कुठला स्विच, कुठलं पोर्ट. याला ऑप्शन ८२ म्हणतात. खरं तर तो शिक्का रिले करणाऱ्याने मारायचा, दुबईकरांनी सांगितलेल्या जीआयॲडरबरोबर. इथे २९६० रिले करत नाही, म्हणून तो रकाना शून्य. ३५६० मधला सर्व्हर म्हणतो, शिक्का आहे पण पाठवणाऱ्याचं नाव नाही, म्हणजे कागद बनावट. फेकला.

दोन्ही २९६० वर "नो आयपी डीएचसीपी स्नूपिंग इन्फर्मेशन ऑप्शन" द्या. शिक्का मारणं बंद.

(दुसरा मार्ग म्हणजे ३५६० ला "आयपी डीएचसीपी रिले इन्फर्मेशन ट्रस्ट-ऑल" सांगणं. शिक्क्याची माहिती कुठे वापरणार असाल तरच तो.)

लॅबवाला · दुपारी ४:२६

चालू!!! सगळे ६२!

आणि मुद्दाम जिमखान्याच्या डब्याचं डीएचसीपी पुन्हा चालू करून बघितलं. एकालाही ० वाला मिळाला नाही. आता बंद करतो. आणि सेव्ह केलंय, विचारू नका.

निवृत्त_टेलिफोन · दुपारी ४:५०

अभिनंदन. शनिवारची झोप मोडून वाचत होतो.

केबलवाला_बाबू · सायंकाळी ५:३०

चला, मान्य. पण वायफायला दोन तासाची लीज म्हणताय त्यावर एक अनुभव. आमच्या एका मंगल कार्यालयात २५४ चा पूल आणि एक दिवसाची लीज होती. सकाळच्या लग्नाचे पाहुणे जेवून गेले, त्यांचे पत्ते मात्र स्विचकडे अडकलेले. संध्याकाळच्या रिसेप्शनला कोणाला नेट मिळेना. त्यात हल्लीचे फोन प्रत्येक वायफायला वेगळा बनावट मॅक दाखवतात. नेटवर्कला तीन नावं असतील तर एकच फोन तीन पत्ते खाऊ शकतो. कॉलेजच्या गॅदरिंगच्या दिवशी एक तासावर आणा.

सुमेधा_ने · सायंकाळी ५:४१

बाबू, हा प्रतिसाद सोन्यासारखा. आधी मायक्रोटिक मायक्रोटिक काय करत होतात.

दुबईकर_७१ · सायंकाळी ६:०५

अवांतर: लिनक्सचे क्लोन काढणाऱ्यांसाठी. उबंटू सर्व्हरची एक व्हर्च्युअल मशीन बनवून तिच्या वीस प्रती काढल्या, आणि वीसही जणी एकच आयपी मागायला लागल्या. मॅक वेगवेगळे असूनही. कारण उबंटूचं नेटवर्क लावणारं नेटप्लॅन तिथे ओळख म्हणून मॅक पाठवत नाही, मशीन-आयडीवरून बनवलेला क्रमांक पाठवतं, आणि तो प्रतीबरोबर जसाच्या तसा आलेला. अर्धा दिवस गेला. प्रत काढण्याआधी मशीन-आयडीची फाइल रिकामी करा.

लॅबवाला · सोमवार, सकाळी ११:२०

सगळं नीट चाललंय. फक्त दोन विचित्र गोष्टी. "शो आयपी डीएचसीपी कॉन्फ्लिक्ट" मारलं तर एक ओळ येते: १९२.१६८.१.६३, पद्धत पिंग, तारीख मार्च १९९३. ऑफिसला मी १ ते ६० एक्सक्लूड केले होते, वहीत ६३ नाहीच. आणि १९९३ साली मी बालवाडीत होतो.

पॅकेटमास्तर · सकाळी ११:४०

तारखेचं कारण सोपं. या स्विचमध्ये घड्याळाची बॅटरी नाही. लाइट गेली की तो १ मार्च १९९३ पासून मोजायला लागतो. योगायोग बघा, डीएचसीपीचं पहिलं अधिकृत मानक त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये निघालं. म्हणजे तुमचा स्विच जे काम करतोय ते त्याच्या घड्याळाप्रमाणे अजून जन्मालाच आलेलं नाही. "एनटीपी सर्व्हर" देऊन वेळ लावून घ्या.

सुमेधा_ने · सकाळी ११:५२

आणि ६३ म्हणजे वहीत नसलेला कोणीतरी. स्विच तो पत्ता द्यायला निघाला, पिंग मारला, समोरून ओ आली, म्हणून त्याने तो बाजूला ठेवला. ब्राउझरमध्ये तो पत्ता उघडून बघा कोण आहे ते.

लॅबवाला · दुपारी १२:१०

हजेरीचं बायोमेट्रिक यंत्र! अंगठा लावायचं. बसवणारा कोणाला न विचारता पत्ता टाकून गेलेला.

याला ६३ च ठेवायला हवा, पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये तोच लिहिलाय. राखीव करून देतो. त्यासाठी मॅक लागेल ना? तो पाठीमागच्या स्टिकरवर असतो आणि यंत्र भिंतीला चार स्क्रूंनी ठोकलंय. दुपारी स्क्रूड्रायव्हर घेऊन जातो.

दुबईकर_७१ · दुपारी १२:१५

अहो, परवा मॅक पकडून जिमखान्यापर्यंत गेलात आणि आज स्क्रूड्रायव्हर? "शो आयपी एआरपी १९२.१६८.१.६३".

सुमेधा_ने · दुपारी १२:१८

आणि राखीवसुद्धा नको. यंत्रात पत्ता हाताने टाकलेला आहे, तो तसाच राहू दे. एक्सक्लूडेड-ॲड्रेसची एक ओळ वाढवा, मग "क्लिअर आयपी डीएचसीपी कॉन्फ्लिक्ट १९२.१६८.१.६३". राखीव करायची वेळ आलीच तर वेगळा पूल, त्यात "होस्ट" आणि "क्लायंट-आयडेंटिफायर". विंडोजसाठी मॅकच्या आधी ०१ लावायला विसरू नका, बहुतेक जण तिथेच फसतात.

लॅबवाला · दुपारी १२:३१

एक्सक्लूड केलं, क्लिअर केलं. वहीतही लिहिलं.

मिरची_भजी · दुपारी १२:३२

वही बंद करणार होतात ना?